लिनक्सचं घड्याळ लावायचं, पण कायम चालणारी सर्व्हिस नको: कोणी काय निवडावं

घड्याळ किती चुकलं की तुमचं काम अडतं? हा आकडा आधी ठरवा, नाहीतर पुढची सगळी तुलना फुकट आहे.

साध्या पीसीतलं क्वार्ट्झ स्फटिक दशलक्षात २० भाग चुकतं असं धरू. म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद, महिन्याला ५२ सेकंद. काही यंत्रं ५० भागांपर्यंत जातात. तिथे महिन्याला दोन मिनिटं दहा सेकंदांचा फरक पडतो. आता उलटा हिशेब करा. ऑथेंटिकेटरचा ओटीपी ३० सेकंदांनी बदलतो. ऑफिसच्या लॉगिनमागे कर्बरोस (ओळख तपासणारी यंत्रणा) असेल तर ते नेहमीच्या मांडणीत ५ मिनिटांपर्यंतची चूक चालवून घेतं. अशा कामांना दिवसातून एकदा घड्याळ लावलं तरी भरपूर झालं. चूक एका सेकंदाच्या आत हवी असेल तर दर चौदा तासांनी लावावं लागेल, आणि ०.१ सेकंदाच्या आत हवी असेल तर दर ८३ मिनिटांनी. त्याहून बारीक अचूकता हवी असणाऱ्याने सर्व्हिसच चालू ठेवावी. क्रोनी किंवा सिस्टिमडी-टाइमसिंकडी या घड्याळ जुळवणाऱ्या सर्व्हिस काही मेगाबाइट मेमरीत बसतात, आणि टाइमसिंकडी एकदा स्थिरावला की साधारण ३४ मिनिटांतून एकदाच नेटवरच्या टाइम सर्व्हरला विचारतो. 'मेमरी वाचेल' एवढ्यासाठी सर्व्हिस काढायला निघालेल्यांनी इथेच थांबलेलं बरं.

तरीही सर्व्हिस नको म्हणायला खरी कारणं असतात. लॅपटॉप दिवसातून दोन तास उघडतो. मशीनवर कोणता प्रोग्रॅम कधी बाहेर बोलतो याचा हिशेब ठेवायचा असतो. सोसायटीच्या लॉबीत नोटिसा दाखवणारा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) रोज सकाळी वॉचमन चालू करतो आणि रात्री बंद करतो. पुढची तुलना अशांसाठी आहे. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाकायच्या.

आधी बघा, चूक नेमकी साडेपाच तासांची तर नाही?

घड्याळ बरोबर ५ तास ३० मिनिटांनी पुढे किंवा मागे असेल तर स्फटिक चुकलेलं नाही, आणि कोणत्याही टाइम सर्व्हरने ते कायमचं सुटणार नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की हे हमखास होतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितो, लिनक्स तीच यूटीसी (ग्रिनिचची जागतिक वेळ) समजून वाचतो. नेटवरून वेळ आणली की दुखणं झाकलं जातं आणि पुढच्या वेळी विंडोज चालू केलं की पुन्हा वर येतं. यावरचा इलाज म्हणजे लिनक्सवर 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०' ठेवणं आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' १ करणं.

टाइमझोनच्या यादीत मुंबई शोधू नका, तिथे 'एशिया/कोलकाता' आहे. मुंबईची स्वतःची वेळ होती खरी, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, आजच्या आयएसटीच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. आजच्या मशीनला तिचा काही उपयोग नाही.

क्रोनीडी, एकदाच चालवून

नव्याने काही बसवणार असाल तर आमचं मत याच्या बाजूने आहे. क्रोनी हे नाव ऐकलं की सर्व्हिसच डोळ्यापुढे येते, पण तोच प्रोग्रॅम लहान 'क्यू' पर्याय देऊन चालवला की घड्याळ एकदा लावतो आणि बाहेर पडतो:

सुडो क्रोनीडी -टी २० -क्यू 'पूल इन.पूल.एनटीपी.ऑर्ग आयबर्स्ट'

अवतरणातली ओळ म्हणजे त्या वेळेपुरती कॉन्फिग. ती दिली की नेहमीची कॉन्फिग फाइल वाचलीच जात नाही. 'आयबर्स्ट'मुळे सुरुवातीच्या विचारणा झटपट जातात आणि नेट ठीक असेल तर काम काही सेकंदांत आटोपतं. '-टी २०' ही वीस सेकंदांची मर्यादा. ती घालाच, नाहीतर नेट नसताना आज्ञा बराच वेळ ताटकळते. मर्यादा संपली आणि वेळ मिळाली नाही तर एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो यश-अपयशाचा आकडा) शून्य नसतो, त्यामुळे पुढची पायरी रोखता येते.

'सर्व्हर' न लिहिता 'पूल' लिहिण्यामागे कारण आहे. पूलमधून चारपर्यंत सर्व्हर घेतले जातात, आणि एखादा चुकीची वेळ सांगत असेल तर बाकीच्यांच्या बहुमताने तो बाद होतो. एकाच सर्व्हरला विचारलं तर तो सांगेल ते खरं.

लहान 'क्यू'ऐवजी मोठा 'क्यू' दिला तर घड्याळाला हात लागत नाही, फक्त चूक किती ते छापलं जातं. उत्तरात सेकंदांचा आकडा येतो, सहा दशांश स्थळांपर्यंत, आणि शेवटी 'इग्नोर्ड' असा शेरा (लहान 'क्यू'ला तिथे 'स्टेप' येतं). निर्णय घेण्याआधी आठवडाभर रोज एकदा मोठा 'क्यू' चालवून आकडे टिपून ठेवा (त्या काळात दुसरं काही घड्याळ लावत नसलं पाहिजे). तुमच्या मशीनचा खरा वेग कळतो आणि वरच्या हिशेबात आमचे २० भाग न वापरता स्वतःचा आकडा घालता येतो.

अडचणी दोन. डेबियन-उबुंटूवर क्रोनीचं पॅकेज बसवताच त्याची सर्व्हिस आपोआप चालू होते आणि टाइमसिंकडी काढून टाकला जातो. म्हणून बसवल्यावर लगेच 'सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ क्रोनी' करायचं. फेडोरा आणि रेड हॅटवर त्या सर्व्हिसचं नाव 'क्रोनीडी' आहे. ते विसरलात तर एकदाच चालवायची आज्ञा 'दुसरा क्रोनीडी आधीच चालू असावा' अशी तक्रार करून बंद पडते. दुसरी अडचण मूळ स्वभावाची: या पद्धतीत फरक कितीही असला तरी घड्याळ एका झटक्यात सरकतं. मागेसुद्धा. त्याबद्दल खाली.

एनटीपीडेट आणि त्याची भावंडं

जुन्या ट्यूटोरियलमध्ये सगळीकडे 'एनटीपीडेट', घड्याळ एकदाच लावणारा जुना प्रोग्रॅम. आज ते टाकलं की बहुतेकांना 'कमांड नॉट फाउंड' दिसतं. रेड हॅटने ८व्या आवृत्तीपासून एनटीपीचं (नेटवरून वेळ आणण्याच्या प्रोटोकॉलचं) मूळ पॅकेजच काढून क्रोनी ठेवलं. डेबियन १२मध्ये त्या नावाचं पॅकेज मिळतं, पण आत एनटीपीसेक या वेगळ्या प्रकल्पाचा अवतार असतो. मूळ एनटीपी प्रकल्पानेही एनटीपीडेटला कधीच निवृत्त ठरवलंय.

तरी त्याची एक गोष्ट चांगली होती, ती म्हणजे चूक अर्ध्या सेकंदाहून कमी असेल तर ते झटका देत नाही. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगून घड्याळ हळूहळू ओढून घेतं, दशलक्षात ५०० भागांच्या वेगाने. ०.४ सेकंद भरून निघायला तेरा-चौदा मिनिटं लागतात, आणि प्रोग्रॅम बंद झाला तरी कर्नल ते काम पुरं करतो. हीच सोय आज 'एसएनटीपी'मध्ये मिळते:

सुडो एसएनटीपी -एसएस -एम १२८ इन.पूल.एनटीपी.ऑर्ग

इथे पहिला 'एस' मोठा, दुसरा लहान, आणि 'एम' मोठा. अर्थ असा की १२८ मिलिसेकंदांच्या आतला फरक हळू भरा, त्यावरचा झटक्यात. पर्याय न देता नुसतं सर्व्हरचं नाव दिलं तर फक्त फरक दिसतो. एकदाच लावायचं आहे पण झटके नकोत, अशांनी क्रोनीडी सोडून हे घ्यावं. मात्र ते एका सर्व्हरवर विसंबतं, हे लक्षात असू द्या.

जुन्या एनटीपीडेटची तक्रार हमखास एकाच जागची असते. ते पाठवतानाही एनटीपीचा १२३ हाच पोर्ट वापरतं, आणि २०१४च्या आसपास एनटीपीचा गैरवापर करून झालेल्या मोठ्या हल्ल्यांनंतर काही नेटवर्कं त्या पोर्टवरून येणारं-जाणारं गाळतात. 'नो सर्व्हर सुटेबल' असा शेरा आला की '-यू' लावून बघा. मग ते वरचा एखादा मोकळा पोर्ट घेतं. क्रोनी मुळातच असा मोकळा पोर्ट घेतो.

अल्पाइन किंवा ओपनडब्ल्यूआरटीसारख्या छोट्या सिस्टिमवर बाहेरून काही आणायची गरज नाही. तिथल्या बिझीबॉक्स या आज्ञांच्या संचातच एनटीपीडी आहे, 'एनटीपीडी -एन -क्यू -पी सर्व्हरचं नाव' एवढं पुरतं. आरडेट मात्र विसरा. त्याचा मूळ प्रोटोकॉल १९८३चा, पोर्ट ३७चा, आणि सेकंदाखालची वेळ त्यात नाहीच.

टाइमसिंकडी टायमरने चालू करायचा, वेळ जुळली की बंद करायचा, असाही जुगाड लोक करतात. चालतो. पण तो बंद कधी करायचा हे स्क्रिप्टने ताडावं लागतं आणि एक्झिट कोडमधून काहीच कळत नाही. एवढी यातायात करण्यापेक्षा तो चालूच ठेवलेला बरा.

ऑफिसात १२३ पोर्टच बंद असेल तर

लोअर परळ असो की अंधेरी, कॉर्पोरेट नेटवर्कवर बाहेर जायला फक्त वेब प्रॉक्सी, हे चित्र नेहमीचं. अशा वेळी आधी नेटवर्कवाल्यांना विचारा की आतला टाइम सर्व्हर कोणता. बहुतेक ठिकाणी डोमेन कंट्रोलरच (ऑफिसची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) वेळ देतो, आणि वरची क्रोनीडीची ओळ त्याच्या पत्त्यावर तशीच चालते. विचारायचा कंटाळा करून लोक थेट पुढच्या मार्गाला लागतात, ते चूक.

आत काहीच नसेल तरच वेबच्या उत्तरातली 'डेट' ओळ वापरा. प्रत्येक वेब सर्व्हर उत्तरासोबत ग्रिनिच वेळ पाठवतो. 'कर्ल -एसआय' ने ('एस' लहान, 'आय' मोठा) फक्त शीर्षकं मागवायची, 'डेट' ओळ वेगळी काढायची आणि 'डेट -यू -एस' ला द्यायची. यात बारीक वेळ मुळीच नसते, पूर्ण सेकंद असतात, शिवाय जाण्यायेण्याचा उशीर. एखाद्या सेकंदाची चूक गृहीत धरा. ओटीपीला हे चालतं, लॉगमधल्या घटनांचा क्रम लावायला नाही.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. प्रॉक्सीने साठवलेलं जुनं पान दिलं तर 'डेट'ही जुनीच येते; शीर्षकांत 'एज' नावाची ओळ दिसली की समजावं. घड्याळ महिनोन्‌महिने मागे असेल तर 'एचटीटीपीएस' चालतच नाही, कारण समोरचं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही असं मशीनला वाटतं. आणि साधं 'एचटीटीपी' वापरलं तर वाटेतला कोणीही खोटी वेळ घुसवू शकतो. म्हणून हाताने स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा 'एचटीपीडेट' घ्या. ते एकाहून जास्त साइटना विचारतं, मोठ्या 'पी' पर्यायाने प्रॉक्सी घेतं, आणि '-एस' देऊन एकदाच लावतं. मोठा 'डी' मात्र देऊ नका, त्याने ते सर्व्हिस बनून बसतं.

प्रोग्रॅम कोणता यापेक्षा तो कधी चालतो हे महत्त्वाचं

लोक प्रोग्रॅम निवडण्यात दोन दिवस घालवतात आणि शेवटी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) 'पहाटे ३' लिहून मोकळे होतात. चुकलेल्या घड्याळाच्या मशीनला पहाटेचे तीन कधी वाजतात? आणि लॅपटॉप त्या वेळी बंदच असतो. क्रॉन योग्य ठरतो तो कायम चालू असणाऱ्या मशीनवर, तेही आडमिडी वेळ देऊन: ३ वाजून १७ मिनिटं, पूर्ण तासावर नको. पूर्ण तासाला जगभरची मशीनं पूलच्या सर्व्हरांवर एकदम तुटून पडतात.

डेस्कटॉप किंवा पायसाठी सिस्टिमडीचा टायमर सरस. 'ऑनबूटसेक=२मिन' आणि 'ऑनयुनिटअ‍ॅक्टिव्हसेक=६एच' हे दोन्ही लिहा. मशीन सुरू होऊन किती वेळ झाला यावर ते चालतात, भिंतीवरच्या वेळेवर नाही. त्यामुळे घड्याळ २०१९ दाखवत असलं तरी दोन मिनिटांनी काम होतंच. नुसतं दुसरं लिहिलं तर पहिली ठिणगीच पडत नाही आणि टायमर नुसता बसून राहतो. सोबत 'रँडमाइज्डडिलेसेक=१०मिन' घाला. टायमर जी चालवतो त्या सर्व्हिस फाइलमध्ये 'टाइप=वनशॉट' (एकदा चालून संपणारं काम), आणि 'आफ्टर' व 'वाँट्स' या दोन्हींत 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट'. लॅपटॉप झोपलेला असताना हे सहा तास मोजले जात नाहीत, म्हणून लॅपटॉपला हा मार्ग लंगडा.

लॅपटॉपसाठी नेटवर्कमॅनेजरचा डिस्पॅचर, म्हणजे नेट जोडलं-तुटलं की स्क्रिप्ट चालवणारी सोय. 'ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/डिस्पॅचर.डी' या फोल्डरमध्ये छोटी शेल स्क्रिप्ट ठेवायची. तिला पहिला शब्द मिळतो तो इंटरफेसचा, दुसरा घटनेचा. घटना 'अप' असेल तर क्रोनीडीची ओळ चालवायची. झाकण उघडलं, वाय-फाय जोडलं, की घड्याळ लागलं. फाइलचा मालक रूट हवा, चालवायची परवानगी हवी आणि ग्रुप किंवा इतरांना लिहायची परवानगी नको. यातलं काही चुकलं तर नेटवर्कमॅनेजर स्क्रिप्ट चालवतच नाही, आणि तुम्ही स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसता. या फोल्डरातल्या स्क्रिप्ट एकामागून एक चालतात, त्यामुळे ती वीस सेकंदांची मर्यादा इथे जास्तच गरजेची.

स्टेशनवरच्या किंवा कॅफेतल्या वाय-फायवर यालाही फट आहे. 'अप' ही घटना तुम्ही मोबाइल नंबर टाकून लॉगिन करण्याआधीच येऊन जाते. 'कनेक्टिव्हिटी-चेंज' ही घटनाही पकडा आणि 'कनेक्टिव्हिटी_स्टेट' फुल असेल तेव्हाच आज्ञा चालवा. एचटीटीपीवाला मार्ग वापरणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं, नाहीतर वेळ लॉगिनच्या पानाकडून येईल.

मदरबोर्डवरच्या घड्याळात लिहिणं

सर्व्हिस चालू असते तेव्हा कर्नल दर ११ मिनिटांनी वेळ मदरबोर्डच्या घड्याळातही लिहितो. पण त्यासाठी 'घड्याळ जुळलेलं आहे' ही खूण कर्नलमध्ये लागलेली असावी लागते. एकदाच चालणारे प्रोग्रॅम ती लावून ठेवतील याचा भरवसा नाही, आणि मशीन बंद होताना सिस्टिमडीही ती वेळ लिहीत नाही. परिणाम असा की आज लावलेलं घड्याळ उद्या रीबूटनंतर जुनी चूक घेऊन उठतं. म्हणून सर्व्हिस फाइलमध्ये दुसरी 'एक्झेकस्टार्ट' ओळ घाला: 'एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी --यूटीसी'. वनशॉटमध्ये पहिली ओळ फसली की दुसरी चालत नाही, त्यामुळे चुकीची वेळ कोरली जात नाही. याच खुणेमुळे 'टाइमडेटसीटीएल'मध्ये घड्याळ जुळलेलं 'नो' असं दिसू शकतं. घाबरू नका, मोठ्या 'क्यू'ने खरा फरक बघा.

पाय ५च्या आधीच्या रास्पबेरी पायमध्ये असं घड्याळच नाही, तिथे ही ओळ निरर्थक. पाय ५मध्ये आहे, पण सेल वेगळा जोडावा लागतो. जुन्या पायवर 'फेक-एचडब्ल्यूक्लॉक' शेवटची वेळ कार्डावर लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी निदान कालची रात्र तरी दिसते.

कोणी या वाटेला जाऊच नये

डेटाबेस, मेल सर्व्हर, हजेरीचं मशीन, बिलिंग. यांच्यासाठी घड्याळ मागे जाणं म्हणजे तोच क्षण दोनदा येणं. पावती क्रमांक १०२ची वेळ १०१च्या आधीची दिसते. डोव्हकॉट या मेल सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्या वेळ मागे सरकली की चक्क स्वतःला बंद करून घेत. प्रोग्रॅम बांधणारा 'मेक' फाइलची वेळ भविष्यातली आहे म्हणून कुरकुरतो. अशा मशीनवर सर्व्हिसच हवी, कारण ती स्फटिकाचा वेग शिकते आणि चूक साठूच देत नाही. एकदाच चालणारा प्रोग्रॅम काहीच शिकत नाही. कंटेनरमध्ये तर हा प्रश्नच नसतो, तिथलं घड्याळ होस्टचं असतं. लावायचं ते होस्टवर.

सर्व्हर कोणाचा

घरच्या मशीनला पूल पुरे. कंपनीचं मशीन असेल तर निवड तुमच्या हातात नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे कंपन्या, डेटा सेंटर, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी आपली घड्याळं जुळवायची आहेत. पत्ते असे: समय१.एनआयसी.इन, समय२.एनआयसी.इन आणि टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग. क्रोनीडीला प्रत्येकासाठी 'सर्व्हर' ने सुरू होणारी वेगळी अवतरणातली ओळ द्यायची, तिन्ही एकाच आज्ञेत चालतात. ऑडिटला तोंड द्यायचं असेल तर एकदाच लावण्याच्या भानगडीत पडू नका. सर्व्हिस चालू असल्याचा पुरावा दाखवणं सोपं जातं, टायमरच्या फाइली समजावून सांगणं नाही.

मांडणी झाल्यावर 'जर्नलसीटीएल -यू' ला तुमच्या सर्व्हिसचं नाव देऊन महिनाभराचे आकडे बघा. दर सहा तासांना अर्ध्या सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी फरक असेल तर सगळं ठीक. एरवी फरक थोडका, पण मशीन रात्रभर बंद राहिल्यानंतर एकदम तास किंवा वर्षं, असं दिसलं तर प्रोग्रॅम बदलून उपयोग नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तीन व्होल्टचा हा सेल लॅमिंग्टन रोडवर काय, गल्लीतल्या घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदलल्यावर बायोसमध्ये यूटीसी वेळ घाला, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून.